वाकणपेठेची परख

बयाबाईचा कुणावर विश्वास नव्हता. वाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. वाडा म्हणजे चार खोपटं, तीसेक म्हशी आणि थोडी शेरडं. वेल्ह्याच्या पश्चिमेला, जिथं जमीन संपून खाली कोकण दिसू लागतं, तिथं ही धनगरांची वस्ती होती.

पाहुणा आला की तो कशासाठी आला असेल ते बयाबाई आधी ठरवी, मग त्याला पाणी देई. जंगलखात्याचा रखवालदार एकदा वाटेत ‘राम राम बयाबाय’ म्हणाला. आज यानं राम राम का घातला, याचा विचार ती दुपारपर्यंत करत होती. देवीची लस टोचायला आलेल्या माणसाला तिने आधी त्याच्याच दंडावरचे वण दाखवायला लावले, मग नातवाचा हात पुढे केला.

पण तिचा खरा संशय घरात असे, आणि तो तुपावर असे. लोणी कढवून झालं की तूप मडक्यात ओतायचं, निवलं की मडक्याच्या आतल्या अंगाला कोळशाने रेघ ओढायची. रोज संध्याकाळी फडकं सोडून ती आत वाकून बघे. तूप रेघेला भिडलेलं हवं. रेघेखाली गेलं म्हणजे तूप कमी झालं. मग सून अंबूबाई समोर उभी.

“खाल्लंस का दिलंस?”

“उंदरानं खाल्लं आसल, आत्या.”

“उंदीर फडकं परत बांधून ठेवतो व्हय?”

अंबूचा भाऊ शिवऱ्याला होता, मोठ्या रस्त्याच्या कडेला. त्याचं चहाचं दुकान होतं. आपलं तूप त्या दुकानात जातं असं बयाबाईने कधीच ठरवून टाकलं होतं. अंबू वर्षातून एकदा माहेरी जाई. निघताना बयाबाई तिचं गाठोडं सोडून बघे आणि स्वतःच पुन्हा बांधून देई.

तुपाबाबत तिचा हा करडेपणा उगाच आलेला नव्हता. बाराव्या वर्षी ती या वाड्यावर लग्न होऊन आली. नवरा रायबा गुरं राखायचा, आणि तूप विकायचं काम बायकांचं होतं. डोक्यावर मडकं घेऊन ती सासूमागून तीन कोस उतरून वाकणपेठेला जाई. वाकणपेठ म्हणजे घाटवाटेवरचा बाजार. कोकणातून बैलांच्या पाठीवर मीठ, सुकी मासळी आणि नारळ चढून येत. वरून तूप, नाचणी आणि हिरडा उतरे. दोन्ही बाजूंना दुकानांच्या ओळी, मध्ये दगडी फरसबंदी, एका टोकाला तूप तपासायचा परखेचा दगड आणि दुसऱ्या टोकाला भैरोबा. सासू गेल्यावर बयाबाई एकटी जाऊ लागली. वीस वर्षं गेली. पेठेतले व्यापारी तिचं मडकं उघडून बघत नसत. फडक्यासकट उचलून आत ठेवत आणि मीठ मापून देत. रायबा ऐन उमेदीत तापाने गेला. त्यानंतर घर उभं राहिलं ते या न उघडलेल्या मडक्यांवर.

पुढे वरंध्याच्या घाटातून मिठाच्या लॉऱ्या धावू लागल्या. बैल थांबले. भोरचं राज्य विलीन झालं त्या साली पेठेत तीन दुकानं उरली होती. दोन वर्षांनी तीही उठली. बयाबाई विंझरच्या वाण्याला तूप घालू लागली. वाणी दर वेळी काडी घालून बघे. पहिल्या वेळी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सवय झाली. गेल्या काही वर्षांत मात्र त्यानेही काडी घालणं सोडलं होतं.

ही गोष्ट त्यानंतरची. विलीनीकरणाला दहा वर्षं झाली होती. दिवाळी उलटल्यावर बयाबाई विंझरला गेली. वाण्याने मडकं घेतलं, सहज फडकं सोडलं आणि थांबला. काडी घातली. बोटांवर चोळून बघितलं.

“बयाबाई, हे घेता यायचं नाही.”

“का वो?”

“भेसळ आहे. डब्यातलं वनस्पती तूप आहे यात.”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. एक बाई गूळ निवडायची थांबली.

“तुमचा काटा खोटा, तुमचं माप खोटं,” बयाबाई म्हणाली, “आन माझं तूप भेसळीचं?”

“माप खोटं वाटतं तर येता कशाला?”

“दुसरा वाणी न्हाई म्हनून.”

वाण्याने फडकं पुन्हा बांधलं आणि मडकं तिच्याकडे सरकवलं. आठ दिवसांत ही बातमी माथ्यावरच्या सगळ्या वाड्यांवर पोचली. वाणी आता कुठल्याच धनगराचं तूप बघितल्याशिवाय घेईना. शेजारच्या खोपटातली धोंडाबाई तोंडावर काही बोलली नाही, पण ताक मागायला यायची बंद झाली.

बयाबाईने मडकं शिंक्यात टांगून ठेवलं. उघडलं नाही. अंबू म्हणाली, “आत्या, एकदा बघा तर सोडून.”

“म्या सोडू? मंग वाणी म्हनंल, घरी नेऊन बदललं. त्यानं बांधलंय ते आता चार मान्सांम्होरं सुटंल.”

“काडून टाकू या. दुसरं करू.”

“टाकलं म्हंजी कबूल केलं.”

तिचा संशय रोज जागा बदले. कधी वाण्यावर: भाव पाडायला हा डाव असेल. कधी वाटेवर: विंझरच्या ओढ्याला पाणी प्यायला मडकं खाली ठेवलं होतं, तेव्हा कुणी काही केलं असेल. कधी धोंडाबाईवर. या एका बाबतीत मात्र अंबूवर तिचा संशय गेला नाही. सुनेने तूप काढलं असेल असं तिने हजारदा म्हटलं होतं. सुनेने तुपात काही घातलं असेल, हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं. तूप रेघेला भिडलेलं होतं, म्हणजे पुरं होतं. तिला एवढंच बघायची सवय होती.

अशात खालून मेंढरं घेऊन ओळखीचा धनगर ज्ञानू आला. चिलीम ओढता ओढता म्हणाला, “वाकणपेठ उघडली.”

बयाबाईने त्याच्याकडे रोखून बघितलं. “कुनी सांगितलं?”

“म्या बघितली. कवाडं नवी बसवल्यात. वटे सारवल्यात. जीपगाडीतनं मान्सं येत्यात.”

“मीठ आलंय?”

“पोती तर लावल्यात वळीनं.”

“तराजू?”

“टांगलाय.”

“परखंचा दगड?”

“जाग्यावर हाय की. धुऊन पुसून ठेवलाय.”

ज्ञानू खोटं बोलला नव्हता. हे सगळं त्याने बघितलं होतं. पुण्याच्या कुठल्याशा मंडळाने वर्गणी जमवून जुनी पेठ होती तशी उभी केली होती, लोकांना बघता यावी म्हणून. पण बाजार नुसता बघायला ठेवतात, ही गोष्ट ज्ञानूला माहीत नव्हती. बयाबाईला कुणी सांगितली असती तरी तिने सांगणाऱ्यावरच संशय घेतला असता.

तिने तिथल्या तिथे ठरवलं. पेठ उघडली म्हणजे परख आली. मडकं पेठेच्या दगडावर सुटू दे. मग विंझरच्या वाण्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.

“थंडी लई हाय, आत्या,” अंबू म्हणाली. “पुढल्या आठवड्यात जाऊ.”

“तुला का जायचं न्हाई?”

“मला जायाचंच हाय. पर थंडी हाय.”

“थंडी तुला कवापासनं वाजाय लागली?”

सकाळी दोघी निघाल्या. मडकं अंबूच्या डोक्यावर. बयाबाई मागून चालत होती. उतारावर अंबूचा पाय दोनदा घसरला.

“सांबाळ,” बयाबाई म्हणाली. “पाडायचंच आसल तर परख झाल्यावर पाड.”

अंबूने एक हात मडक्याला लावला आणि पावलं जपून टाकू लागली. 

पेठ दिसली तेव्हा ऊन वर आलं होतं. बयाबाई शिवेवरच थांबली. सगळं होतं तसं होतं. तेच ओटे, तेच सागवानी खांब, त्याच दगडांची वाट. बैलांच्या खुरांनी पडलेल्या खोबणीसुद्धा होत्या. पण शेण नव्हतं. माशा नव्हत्या. मासळीचा वास नव्हता. कुणी भांडत नव्हतं.

“वाणी कुठं गेलं?” ती हळू आवाजात म्हणाली.

पहिल्या दुकानात मिठाची पोती होती. तिने हात घातला. वर बोटभर मीठ, खाली भाताचा कोंडा. तिने मूठ बाहेर काढून अंबूला दाखवली.

“बग. लुबाडायला बसल्यात.”

पुढच्या दुकानात तराजू होता, मापं नव्हती. त्यापुढच्यात सुतळीने टांगलेले नारळ होते, आतून वाजत नव्हते. ओट्यावर पाटी होती. दोघींपैकी कुणालाच ती वाचता येत नव्हती. वस्तूंना हात लावू नये, असं त्यावर लिहिलेलं होतं.

परखेच्या दगडाजवळ आठ-दहा माणसं उभी होती. कोट घातलेले दोन पुरुष, जरीच्या काठाच्या दोन बायका, एकाच्या गळ्यात कॅमेरा. त्यांच्यासमोर खाकी डगला घातलेला एक म्हातारा हात हलवून सांगत होता. बयाबाईने त्याला ओळखलं. तो कोंडिबा होता, पेठेतला हमाल. मिठाची दोन पोती एकदम उचलायचा. आता मंडळाने त्याला पेठ राखायला आणि पाहुण्यांना माहिती सांगायला ठेवला होता.

“तर हा परखेचा दगड,” कोंडिबा सांगत होता. “धनगर लोक तुपात भेसळ करायचे. म्हणून राजानं हा दगड बसवला. भेसळ सापडली की हितंच मडकं फोडायचं.”

“कवा केली?” बयाबाई मागून म्हणाली.

सगळे वळले. कोंडिबा दचकला.

“कवा केली भेसळ? एकाचं नाव सांग. वीस वर्सं म्या हितं येत हुते. एक तरी मडकं फुटलेलं तू बघितलंस?”

कोंडिबा जवळ आला. “बये, हळू बोल. पाव्हण्यांना कायतरी गोष्ट लागती.”

“माझ्या जातीची गोष्ट करतोस?”

“पोटासाठी करतो.”

“मंग आता खरी करून दाखव. हे मडकं हाय. विंझरच्या वाण्यानं बांधलंय, म्या सोडलं न्हाई. परख कर.”

“बये, आता परख हुत न्हाई हितं. हे बघायला ठेवलंय नुसतं. त्या दगडाला पाण्याचा हात लावायला मला परवानगी लागती.”

कॅमेरावाला पुढे झाला. “करून दाखवा ना. आम्हाला बघायचं आहे.” जरीकाठाची एक बाई म्हणाली, “हो, हो, किती छान. यांना बोलावलंच होतं वाटतं तुम्ही.”

कोंडिबाचा नाइलाज झाला. पाहुणे खूश तर मंडळ खूश.

परखेची रीत अशी होती. विकणारीने मडकं दगडावर ठेवून स्वतः सोडायचं. पारख्याने मधोमध काडी घालून तूप काढायचं आणि ते तिघांच्या तळव्यांवर चोळायचं: विकणारी, घेणारा आणि पारखी. तिघांनी मूठ मिटायची. न बोलता पेठेच्या दुसऱ्या टोकाला भैरोबापर्यंत जाऊन परत यायचं. आल्यावर राखेने हात धुवायचे. मग हुंगायचं. आपला हात आपण हुंगायचा नाही, दुसऱ्याचा हुंगायचा. धुतल्यावरही वास राहिला तर तूप चोख.

“तिसरा हात पायजे,” कोंडिबा म्हणाला.

“अंबे, हात पुढं कर.”

अंबूने दोन्ही हात पदराखाली घेतले. “माझं हात चिरल्यात, आत्या.”

जरीकाठाची बाई हसत पुढे आली आणि तिने बांगड्या वर सारून तळहात धरला. बयाबाईचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती अंबूच्या पदराकडे बघत होती.

बयाबाईने फडकं सोडलं आणि कोंडिबाने काडी घालून तिघांच्या तळव्यांवर तूप चोळलं. बयाबाईने मूठ मिटली, आणि तिला कळलं.

तुपाला कणी नव्हती. थंडीच्या दिवसात म्हशीचं तूप बोटांखाली रवाळ लागतं, मग हळूहळू विरघळतं. हे मेणासारखं सरकत होतं. तिचे हात चाळीस वर्षं तुपात होते. तिला वासाची गरज नव्हती.

तिघं चालू लागली. पाहुणे मागून येत होते. कॅमेरा वाजत होता. बयाबाईची मूठ घट्ट होती. भैरोबापर्यंतचं अंतर शंभर पावलांचं होतं. वाणी खोटं बोलला नव्हता. ओढ्यावर कुणी काही केलं नव्हतं. धोंडाबाईने काही केलं नव्हतं. मडक्याला घरात दोनच बायकांचे हात लागत. एकीची मूठ इथं मिटलेली होती आणि दुसरीचे हात पदराखाली होते.

भैरोबासमोर कोंडिबाने कपाळाला हात लावला. बयाबाईने लावला नाही. परतीचीही शंभर पावलं होती. तिने बोलायचं नाही असं ठरवलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. या माणसांना तूप कळत नव्हतं. कोंडिबाला कळत होतं.

दगडापाशी राखेने हात धुतले. कोंडिबाने बयाबाईचा तळवा नाकाशी नेला. बराच वेळ ठेवला. तिच्या डोळ्यांत बघितलं. मग पाहुण्यांकडे वळला.

“चोख,” तो म्हणाला. “अस्सल म्हशीचं.”

टाळ्या वाजल्या. बयाबाई तशीच उभी होती. हाच शब्द ऐकायला ती तीन कोस उतरून आली होती. तो शब्द तिला मिळाला होता, दहा माणसांच्या समोर, पेठेच्या दगडावर.

“भेसळ हाय, कोंडिबा,” ती म्हणाली.

“बये.”

“भेसळ हाय. तुला कळली. मलाबी कळली.”

पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. “काय सुंदर केलं हो,” कॅमेरावाला म्हणाला. “शेवटी पकडली जाते, असं दाखवायचं होतं ना?” त्याने तिला जरा उजेडाकडे सरकायला सांगितलं. ती सरकली नाही. मग ती मंडळी भैरोबाचं कोरीवकाम बघायला गेली.

अंबू दगडाशेजारी खाली बसली होती.

“म्या घातलं,” ती म्हणाली.

“कवा?”

“भाऊबीजंवरनं आल्यावर. त्याच्या आधी रेडकानं मडकं लवंडलं हुतं. निम्मं सांडलं. तळाला धुतलेलं गोटं घालून तूप रेघंवर आनलं, तुमाला कळलं न्हाई. मग शिवऱ्याला गेले. भाऊ म्हनला, ववाळनीला खण घे. म्या म्हनलं, खण नगं, डब्यातलं तूप दे. त्यानं दिलं. गोटं काडून, गरम करून मिळवलं. रेघंपातूर भरलं.”

“गाठोडं म्या बघत नव्हते व्हय?”

“जाताना बगता. येताना बगत न्हाई तुमी.”

हे खरं असल्याचं बयाबाईच्या लक्षात आलं.

“लवंडलं तवाच सांगायचं हुतंस.”

“सांगितलं आसतं तर काय म्हनला आसता?”

 बयाबाई काय म्हणाली असती हे दोघींना माहीत होतं.

कोंडिबा मान खाली घालून राख झाडत होता. “बये, ही मान्सं पुन्याला जात्याल. कुनाला काय कळलं न्हाई. तू घरी जा.”

“विंझरच्या वाण्याला कळलंय.”

“त्याचं सोड. हे मडकं ने, म्हशीला चार.”

“राहू दे हितं. तुला दाखवायला हुईल.” तिने मडक्यावर फडकं टाकलं. “उद्याच्या पाव्हण्यांना काय सांगशील?”

“काय सांगू?”

“धनगर भेसळ करायचं, आसं सांगू नगंस. भेसळ एका घरातनं आली. माझं नाव घे.”

“खुळी झालीस का?”

“माझं नाव घे. दुसऱ्या कुनाचं घेऊ नगंस.” तिने अंबूकडे बघितलं नाही. पण कोंडिबाला ते कळलं, आणि अंबूलाही कळलं. अंबू तोंडात पदर धरून बसली.

तिथून घरची वाट वर जात होती आणि विंझरची खाली. बयाबाई खाली वळली. अंबू मागोमाग निघाली.

वाण्याने तिला लांबूनच बघितलं. दुकानात माणसं होती. त्याने घाईने काटा पुसला आणि मापं सरळ केली. ही आता काय घेऊन आली आहे ते त्याला कळेना. तिचे हात रिकामे होते, त्याने तो जास्तच सावध झाला.

“तुमचं खरं हुतं,” बयाबाई म्हणाली. “भेसळ हुती.”

वाण्याने तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या सुनेकडे. “कुणी शिकवून पाठवलं?”

“कुनी न्हाई.”

“मग आजच का सांगता?”

“आजच कळलं.”

“महिनाभर कळलं नाही, आणि आज कळलं?”

“व्हय.”

“कुणी घातली?”

“माझ्या घरातनं आली. पुढचं इचारू नगा.” ती दुकानातल्या माणसांकडे वळली. “माझ्यामुळं दुसऱ्या वाड्यांचं तूप बघायला लागू नगा. माझं तेवढं बघा.”

वाण्याला हे पटलं नाही. ती गेल्यावर तो दिवसभर गिऱ्हाइकांना विचारत होता, की म्हातारीचा यात काय डाव असेल. कुणालाच सांगता आलं नाही. पण पुढच्या बाजारी धोंडाबाईचं मडकं आलं तेव्हा त्याने फक्त फडकं सोडून बघितलं, काडी घातली नाही.

पौषात बयाबाई नवं मडकं घेऊन आली. या वेळी मडक्यात रेघ नव्हती. दुकान भरलेलं होतं. तिने मडकं ओट्यावर ठेवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. वाण्याने काडी घातली. तूप कणीदार होतं. त्याने बोटांवर चोळलं, हुंगलं, उजेडाला धरलं. काही सापडलं नाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथेही काही सापडलं नाही. मग त्याने लांब काडी मागवली आणि पुन्हा आत घातली, पार तळापर्यंत.

बयाबाईने मडकं दोन्ही हातांनी जरा तिरकं धरलं, त्याची काडी तळाला नीट पोचावी म्हणून.